आवश्यक धावगती : हिशेब षटकांचा नव्हे, चेंडूंचा

शहापूर/मुरबाड, प्रतिनिधी

भाताची कापणी आणि झोडणी आटोपली की ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रिकाम्या शेतांची मैदाने होतात. शहापूर तालुक्यातील वासिंद, खर्डी, किन्हवली, डोळखांब असो की मुरबाड तालुक्यातील सरळगाव, धसई, टोकावडे. पाऊस पुन्हा सुरू होईपर्यंत येथे टेनिस चेंडूच्या क्रिकेटचा हंगाम असतो. सामने सहा किंवा आठ षटकांचे. एका दिवसात अनेक सामने उरकायचे असल्याने घाई ठरलेली. मांडवात एक ध्वनिक्षेपक, त्यावर अखंड समालोचन आणि शेजारी वही-पेन घेऊन बसलेला गुणलेखक, एवढीच सामग्री.

शहरातील प्रेक्षकाला दूरचित्रवाणीच्या पडद्याच्या कोपऱ्यात ‘आवश्यक धावगती’ प्रत्येक चेंडूनंतर आयती मिळते. गावच्या मैदानावर ती कोणी तरी काढावी लागते. आठ षटकांच्या सामन्यात हा आकडा चुकला, तर कर्णधाराचा निर्णय चुकतो. साखळी स्पर्धेत तो चुकला, तर पात्र संघ बाहेर जातो आणि वाद गावकीपर्यंत पोहोचतो. हे गणित सहावी-सातवीच्या गुणाकार-भागाकारापलीकडचे नाही. तरीही त्यात एक ठरावीक जागा अशी आहे, की जेथे भल्याभल्यांची फसगत होते. ती जागा म्हणजे षटकानंतरचा टिंब.

सूत्र साधे आहे

आवश्यक धावगती म्हणजे विजयासाठी उरलेल्या धावा एका षटकाला सरासरी किती पडतात, ते सांगणारा आकडा. उरलेल्या धावांना उरलेल्या षटकांनी भागले की तो मिळतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आठ षटकांच्या सामन्यात पहिल्या संघाने ७३ धावा केल्या. दुसऱ्या संघापुढे विजयासाठी ७४ धावांचे लक्ष्य आहे. ७४ भागिले ८ म्हणजे ९.२५. समालोचक याला ‘षटकामागे सव्वानऊ’ म्हणेल आणि ते बरोबरच आहे. येथे अनेकांची पहिली चूक होते. भागाकार ७३ चा नव्हे, ७४ चा करायचा असतो; कारण ७३ धावांवर सामना बरोबरीत सुटतो, जिंकता येत नाही.

आता पहिल्या तीन षटकांत संघाने २१ धावा केल्या. उरल्या ५३ धावा आणि पाच षटके. ५३ भागिले ५ म्हणजे १०.६०. सुरुवातीच्या सव्वानऊवरून गती साडेदहाच्या वर गेली, कारण पहिल्या तीन षटकांत षटकामागे सातच धावा निघाल्या. आवश्यक गतीपेक्षा कमी धावा काढल्या तर ती वाढते, जास्त काढल्या तर उतरते आणि तेवढ्याच काढल्या तर स्थिर राहते. हा नियम लक्षात ठेवावा. पुढे उत्तर पडताळण्यासाठी तो उपयोगी पडतो.

साडेतीन षटके म्हणजे ३.३

पुढच्या सात चेंडूंत फलंदाजांनी १५ धावा फटकावल्या. धावफलक ४.१ षटकांत ३६ धावा असा झाला. विजयासाठी ३८ धावा हव्यात आणि ३.५ षटके उरली आहेत. मांडवातील कोणी तरी मोबाइलवरील कॅल्क्युलेटर उघडतो, ३८ भागिले ३.५ असे टंकतो आणि जाहीर करतो, ‘१०.८६’.

हे उत्तर चुकीचे आहे. ते चुकीचे असल्याचे भागाकार न करताही ओळखता येते. सात चेंडूंत १५ धावा म्हणजे षटकामागे जवळजवळ १३ धावा. आवश्यक गती १०.६० असताना संघाने तेराच्या गतीने धावा केल्या, तर आवश्यक गती उतरायलाच हवी. येथे ती चढलेली दिसते.

घोटाळा टिंबाचा आहे. क्रिकेटमध्ये ३.५ याचा अर्थ साडेतीन षटके असा नाही. तीन पूर्ण षटके आणि पाच चेंडू, असा त्याचा अर्थ. षटकात चेंडू सहा असल्याने साडेतीन षटके ३.३ अशी लिहिली जातात. टिंबाच्या उजवीकडचा आकडा दशांश सांगत नाही, तो षष्ठांश सांगतो. ३.६ षटके असे कधीच लिहिले जात नाही, कारण सहावा चेंडू पडला की चार षटके पूर्ण होतात. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी पाठ करून घेत असत. त्या पिढीच्या माणसाला ‘पाव षटक’ म्हटले तर तो लगेच विचारेल, की सहा चेंडूंचा पाव म्हणजे दीड चेंडू, तो टाकायचा कसा?

यावर उपाय एकच, षटकांचे चेंडू करावेत. ३.५ षटके म्हणजे तीन सक अठरा अधिक पाच, एकूण २३ चेंडू. आता त्रैराशिक मांडावे : २३ चेंडूंत ३८ धावा, तर सहा चेंडूंत किती? ३८ गुणिले ६ म्हणजे २२८. भागिले २३ म्हणजे ९.९१. आवश्यक गती दहाच्या खाली आली आहे. चुकीच्या आणि बरोबर उत्तरात षटकामागे जवळजवळ एका धावेचा फरक पडला. एका उत्तराने कर्णधार घाबरून उंच फटके मारण्याचा निरोप धाडील आणि दुसऱ्याने ‘असेच खेळत राहा’ म्हणून सांगेल.

सामना जितका लहान, तितकी ही चूक मोठी ठरते. पन्नास षटकांच्या सामन्यात २८.२ षटके उरलेली असताना कोणी टिंबासह भागाकार केला, तर फरक काही शतांशांचा पडतो आणि खपून जातो. आठ षटकांच्या सामन्यात तो खपत नाही.

वजाबाकीची युक्ती

मैदानावर उभ्या असलेल्या फलंदाजाला भागाकार करण्याइतकी उसंत नसते. त्याच्यासाठी वजाबाकी पुरेशी आहे. उरलेल्या धावांतून उरलेले चेंडू वजा करावेत. येणाऱ्या आकड्याला आपण ‘तूट’ म्हणू. २३ चेंडूंत ३८ धावा म्हणजे तूट १५.

प्रत्येक चेंडूगणिक ही तूट कशी बदलते ते पाहावे. चेंडू निर्धाव गेला तर ती एकाने वाढते. एक धाव निघाली तर जैसे थे. दोन धावांनी ती एकाने घटते, चौकाराने तीनने, षटकाराने पाचने. वाइड चेंडूवर एक धाव मिळते आणि चेंडू मोजला जात नाही, म्हणून तूट एकाने घटते. तेव्हा १५ ची तूट भरून काढायची तर २३ पैकी पाच चेंडूंवर चौकार आणि उरलेल्या १८ वर एकेक धाव पुरते. किंवा तीन षटकार आणि २० एकेरी धावा पुरतात. दोन्हींची बेरीज ३८ च येते. एक चेंडू निर्धाव गेला, की त्याची भरपाई करण्यासाठी कोठे तरी एकाऐवजी दोन धावा पळाव्या लागतात. निर्धाव चेंडूची किंमत इतक्या स्पष्टपणे धावगतीचा आकडा सांगत नाही.

मेलबर्न येथे २३ ऑक्टोबर २०२२ रोजी ट्वेन्टी-२० विश्वचषकात पाकिस्तानविरुद्ध भारताला आठ चेंडूंत २८ धावा हव्या होत्या. आवश्यक गती होती २१. तूट २० होती. विराट कोहलीने हॅरिस रौफला लागोपाठ दोन षटकार मारले. तूट दहाने घटली आणि अखेरच्या षटकात १६ धावा उरल्या. तो सामना भारताने शेवटच्या चेंडूवर जिंकला.

धावा घटतात, गती वाढते

याच्या उलट चित्र २९ जून २०२४ रोजी बार्बाडोस येथील ट्वेन्टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दिसले. भारताच्या १७६ धावांचा पाठलाग करताना दक्षिण आफ्रिकेने १५ षटकांत ४ बाद १४७ धावा केल्या होत्या. ३० चेंडूंत ३० धावा, आवश्यक गती बरोबर सहा, तूट शून्य. सामना भारताच्या हातून गेला, असे समजून अनेकांनी संच बंद केले असतील.

पुढच्या चार षटकांत अनुक्रमे ४, ४, २ आणि ४ धावा निघाल्या. उरलेल्या धावांचा आकडा ३० वरून २६, २२, २० आणि १६ असा सतत खाली येत होता. मात्र आवश्यक गती ६ वरून ६.५०, ७.३३, १० आणि १६ अशी चढत गेली. तूट शून्यावरून २, ४, ८ आणि १० झाली. जसप्रीत बुमरा, हार्दिक पंड्या आणि अर्शदीप सिंग यांनी टाकलेली ही षटके होती. शेवटच्या षटकात आठ धावाच निघाल्या आणि भारत सात धावांनी जिंकला.

या मालिकेत एक बारकावा आहे. पहिल्या षटकात आवश्यकतेपेक्षा दोन धावा कमी पडल्या, तेव्हा गती अर्ध्यानेच वाढली. कारण ती कमतरता चार षटकांत वाटली गेली. अठराव्या षटकात दोनच धावा निघाल्या, तेव्हा मात्र गती ७.३३ वरून एकदम दहावर गेली. भाजक लहान होत जातो, तसतशी प्रत्येक कमतरता अधिक महाग पडते. आठ षटकांच्या सामन्यात भाजक पहिल्यापासूनच लहान असतो. एक शांत षटक गावच्या सामन्यात इतके जड का जाते, याचे कारण हेच.

वानखेडेवरील पाठलाग

शांतपणे केलेल्या पाठलागाचा नमुना म्हणून २ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याकडे पाहता येईल. श्रीलंकेने ५० षटकांत ६ बाद २७४ धावा केल्या. भारताला २७५ धावा हव्या होत्या, गती ५.५०. सचिन तेंडुलकर बाद झाला तेव्हा ६.१ षटकांत २ बाद ३१ अशी स्थिती होती. स्टेडियम स्तब्ध झाले. पण गणित काय सांगत होते? २६३ चेंडूंत २४४ धावा, म्हणजे ५.५७. गती जेमतेम सात शतांशांनी वाढली होती.

विराट कोहली बाद झाला तेव्हा २१.४ षटकांत ११४ धावा झाल्या होत्या. १७० चेंडूंत १६१ धावा, गती ५.६८. गौतम गंभीर ९७ धावांवर परतला तेव्हा ४१.२ षटकांत २२३ धावा होत्या. ५२ चेंडूंत ५२ धावा, गती सहा. तिसाहून अधिक षटके गती साडेपाच ते सहाच्या दरम्यान राखली गेली. पुढे महेंद्रसिंग धोनी आणि युवराज सिंग यांनी ४२ चेंडूंत ५४ धावा करून दहा चेंडू राखून सामना जिंकला. धोनीचा अखेरचा षटकार सर्वांच्या स्मरणात आहे. त्या षटकाराची वेळ येईपर्यंत गती हाताबाहेर न जाऊ देण्याचे काम गंभीरने १२२ चेंडू खेळून केले होते.

धावगतीला गडी दिसत नाहीत

आवश्यक धावगती काढताना किती गडी बाद झाले, हे कोठेच विचारात येत नाही, ही या आकड्याची मर्यादा आहे. तेवीस चेंडूंत ३८ धावा, एक गडी बाद असतानाही ९.९१ आणि नऊ गडी बाद असतानाही ९.९१. पाठलाग करणाऱ्या संघाकडे खर्चायला दोन गोष्टी असतात, चेंडू आणि गडी. त्यांतील एकीचाच जमाखर्च हा आकडा ठेवतो.

चेंडू खर्ची पडले आणि गडी तसेच राहिले, असेही घडू शकते. पहिल्या विश्वचषकात ७ जून १९७५ रोजी लॉर्ड्सवर इंग्लंडने ६० षटकांत ४ बाद ३३४ धावा केल्या. भारतापुढे षटकामागे ५.५८ धावांचे आव्हान होते. भारताने ६० षटके खेळून ३ बाद १३२ धावा केल्या, म्हणजे षटकामागे २.२० धावा. सुनील गावसकर १७४ चेंडूंत ३६ धावांवर नाबाद राहिले. सात गडी शिल्लक होते आणि पराभव २०२ धावांचा होता.

षटके कमी करावी लागतात, तेव्हा ही मर्यादा प्रकर्षाने जाणवते. गावच्या मैदानावर अंधुक प्रकाशामुळे आठऐवजी सहा षटकांचाच डाव शक्य झाला, तर ७३ धावांचे प्रमाण काढून ५४.७५, म्हणजे विजयासाठी ५५ धावा, असे लक्ष्य ठरवण्याचा मोह होतो. हे प्रमाण गणिताने बरोबर असले, तरी न्याय्य नाही. तेवढेच गडी हाताशी ठेवून कमी षटके खेळायची असल्याने पाठलाग करणारा संघ अधिक मोकळेपणाने फटके मारू शकतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्येही पूर्वी असे सरळ प्रमाण लावले जाई. ते बदलून १९९२ च्या विश्वचषकात प्रतिस्पर्ध्याची सर्वांत कमी धावांची षटके वगळण्याचा नियम आणला गेला. त्याचा परिणाम २२ मार्च १९९२ रोजी सिडनीत जगाने पाहिला. दक्षिण आफ्रिकेला इंग्लंडविरुद्ध १३ चेंडूंत २२ धावा हव्या असताना पाऊस आला. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा दोन षटके गेली होती, लक्ष्य मात्र एकाच धावेने कमी झाले होते. एका चेंडूत २१ धावा! षटकामागे १०.१५ ची गती १२६ वर गेली.

त्यानंतर फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी चेंडू आणि गडी या दोहोंचा एकत्र विचार करणारी पद्धत मांडली. १ जानेवारी १९९७ रोजी हरारे येथे झिम्बाब्वे-इंग्लंड सामन्यात ती प्रथम वापरली गेली. गावच्या स्पर्धेत तिचे तक्ते वापरणे अवघड आहे. त्यामुळे षटके कमी झाल्यास लक्ष्य कसे ठरेल, हे आयोजकांनी नाणेफेकीपूर्वी दोन्ही कर्णधारांना सांगून वहीत लिहून ठेवणे, हाच व्यवहार्य मार्ग होय.

साखळीतील निव्वळ धावगती

गुण समान झाले की निव्वळ धावगती पाहिली जाते. संघाने सर्व सामन्यांत मिळून केलेल्या धावांना खेळलेल्या एकूण षटकांनी भागायचे. त्यातून, त्या संघाविरुद्ध झालेल्या एकूण धावांना प्रतिस्पर्ध्यांच्या एकूण षटकांनी भागून आलेला आकडा वजा करायचा. येथे दोन चुका नेहमी होतात.

पहिली चूक सरासरीची सरासरी काढण्याची. एका संघाने आठ षटकांत ८० धावा केल्या, म्हणजे गती १०. दुसऱ्या सामन्यात तीनच षटकांत ४५ धावा करून सामना जिंकला, म्हणजे गती १५. दोहोंची सरासरी १२.५० दिसते, पण खरी गती ११ षटकांत १२५, म्हणजे ११.३६ आहे. दुसरी चूक सर्वबाद संघाची. आठ षटकांच्या सामन्यात संघ ५.२ षटकांत ४० धावांत गारद झाला, तर भागाकार पूर्ण आठ षटकांनी करायचा असतो. गती पाच येते. ५.२ षटकांनी भागल्यास ती साडेसात येईल आणि लवकर बाद झाल्याचे बक्षीस मिळाल्यासारखे होईल.

हा हिशेब वेळेवर न कळल्याची किंमत अफगाणिस्तानने मोजली. ५ सप्टेंबर २०२३ रोजी लाहोर येथे आशिया चषकाच्या सामन्यात श्रीलंकेने ८ बाद २९१ धावा केल्या. पुढच्या फेरीत जाण्यासाठी अफगाणिस्तानला ३७.१ षटकांत २९२ धावा करणे आवश्यक होते. ३७ षटकांअखेर त्यांच्या ८ बाद २८९ धावा झाल्या. पुढच्या चेंडूवर तीन धावा हव्या असताना मुजीब उर रहमान बाद झाला. सारे संपले, असे समजून पुढचे चेंडू तटवले गेले आणि ३७.४ षटकांत संघ २८९ धावांतच सर्वबाद झाला.

प्रत्यक्षात संधी गेलेली नव्हती. ३७.४ व्या चेंडूपर्यंत एक षटकार बसला असता, तर धावा २९५ झाल्या असत्या. बांगलादेशविरुद्धच्या २४५ धावा मिळवून अफगाणिस्तानच्या ५४० धावा ५२६ चेंडूंत होत्या, म्हणजे ६.१६०. विरोधात ६०० चेंडूंत ६२५ धावा, म्हणजे ६.२५०. निव्वळ गती उणे ०.०९० आली असती. श्रीलंकेची गती उणे ०.११२ वर घसरली असती आणि अफगाणिस्तान पुढे गेला असता. संघाचे प्रशिक्षक जोनाथन ट्रॉट यांनी सामन्यानंतर सांगितले, की ही शक्यता त्यांना कळवण्यातच आली नव्हती. आंतरराष्ट्रीय संघाच्या बाबतीत जे घडू शकते, ते शहापूर-मुरबाडच्या मांडवात घडणे मुळीच अवघड नाही.

वहीत एक रकाना अधिक

यावरचा उपाय खर्चिक नाही. गुणलेखकाच्या वहीत ‘उरलेल्या धावा’ या रकान्याशेजारी ‘उरलेले चेंडू’ असा आणखी एक रकाना आखावा. आठ षटकांच्या डावात तो ४८ पासून सुरू होतो आणि प्रत्येक वैध चेंडूनंतर एकाने कमी होतो. ध्वनिक्षेपकावरून षटकांऐवजी चेंडू सांगावेत : ‘२३ चेंडूंत ३८ धावा’. धावगती हवी असल्यास धावांना सहाने गुणून चेंडूंनी भागावे. घाई असल्यास नुसती वजाबाकी करावी. साखळी सामन्यांत दोन्ही संघांचे चेंडू दिवसभर मिळवत जावेत आणि षटकांत रूपांतर अगदी शेवटी करावे.

शहरातील वाचकालाही पुढच्या सामन्यात हा प्रयोग करून पाहता येईल. पडद्याच्या कोपऱ्यातील आकडा दिसण्यापूर्वी धावांतून चेंडू वजा करून पाहावेत. सामना कोणाच्या बाजूने झुकला आहे, हे अनेकदा त्या एका वजाबाकीतूनच कळते.